वास न येणारं खरबूज: कोलोरॅडो, २०११

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात ऑगस्ट महिन्यात लिस्टेरियाचे, म्हणजे अन्नातून पोटात जाणाऱ्या एका जिवाणूने आजारी पडलेले, रुग्ण सापडतात सरासरी दोन. २०११ साली ऑगस्ट संपता संपता चार-पाच दिवसांतच सात जणांची नोंद झाली. २ सप्टेंबरला राज्याच्या आरोग्य खात्याने सीडीसीला, म्हणजे देशाच्या रोगनियंत्रण केंद्राला कळवलं. रुग्णांनी मागच्या महिन्याभरात काय काय खाल्लं याची विचारपूस सुरू झाली, आणि एकच फळ पुन्हा पुन्हा समोर येऊ लागलं: कँटालूप. आपल्याकडे बाजारात जाळीदार सालीचं, केशरी गराचं खरबूज मिळतं, त्याच जातकुळीतलं फळ.

माग काढत तपास पोचला तो राज्याच्या आग्नेय टोकाला, ग्रॅनाडा इथल्या जेन्सन फार्म्सच्या पॅकिंग शेडपर्यंत. १४ सप्टेंबरला शेतमालकांनी माल परत बोलावला. तोवर २९ जुलै ते १० सप्टेंबर एवढ्या काळात सुमारे तीन लाख खोकी बाहेर गेली होती. अंतिम हिशेब असा: २८ राज्यांत १४७ रुग्ण, ३३ मृत्यू, एक गर्भपात. आजारी पडलेल्यांत बहुतेक जण साठीच्या पुढचे होते आणि जवळपास सगळ्यांनाच रुग्णालयात दाखल करावं लागलं. माल परत बोलावल्यानंतरही रुग्ण येत राहिले. शेवटच्या रुग्णाला लक्षणं दिसली ती २७ ऑक्टोबरला. लिस्टेरिया पोटात गेल्यापासून आजार दिसेपर्यंत काही दिवस जातात, कधी कधी तर सत्तर दिवसही. दोन महिन्यांपूर्वी खाल्लेल्या फोडीवर कोण कशाला संशय घेणार?

खरबूज कसं ठेवावं आणि खराब झालेलं कसं ओळखावं, हा प्रश्न घरात निघाला की उत्तर बहुतेक वेळा नाकाशी येऊन थांबतं. वास घ्या, दाबून पाहा, मऊ पडलं असेल तर टाका. सल्ला चुकीचा नाही, पण तो निम्म्याच प्रश्नाचं उत्तर देतो. लिस्टेरियामुळे गराचा रंग बदलत नाही, आंबूस वास येत नाही, चवीत फरक पडत नाही. म्हणूनच हे प्रकरण तपशिलात पाहायला हवं.

शेडमध्ये काय बिघडलं होतं

१० सप्टेंबरला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचे लोक नमुने घ्यायला शेडमध्ये गेले. यंत्रं, जमीन, पट्टे, नाल्या असे ३९ ठिकाणचे नमुने घेतले, त्यांतल्या १३ मध्ये लिस्टेरिया मोनोसायटोजेनीस, म्हणजे तोच जंतू, निघाला. शीतगृहातली १० फळं तपासली, त्यांतल्या ५ वर तो होता. शेतातल्या मातीत आणि पाण्यात मात्र सापडला नाही. म्हणजे वेलीवर फळ बरं असावं आणि धुण्या-वाळवण्याच्या वाटेवर ते बिघडलं असावं, असा निष्कर्ष निघतो.

कारणांची यादी वाचताना त्यांत काहीच भयंकर वाटत नाही. शेडच्या फरशीवर यंत्रांच्या आसपास पाणी साचत होतं आणि फरशी अशी होती की नीट घासून निघत नसे. धुण्याची आणि वाळवण्याची यंत्रं आधी बटाट्यासाठी वापरलेली, जुनी होती. त्यांच्या सांध्याकोपऱ्यांत हात पोचत नव्हता. टाकाऊ फळं गुरांच्या गोठ्याकडे नेणारा ट्रक शेडला लागूनच उभा राहायचा. शेतातून तापलेली आलेली फळं आधी थंड न करता थेट शीतगृहात जायची.

यातला सर्वांत बोचरा तपशील पाण्याचा. २०१० पर्यंत तिथे क्लोरीन घातलेल्या थंड पाण्यातून फळं काढायची सोय होती. ते पाणी पुन्हा पुन्हा फिरवलं जात असल्याने त्यातूनच रोगजंतू पसरतील, अशी शंका एका तपासनीसाने काढली. शंका रास्तच होती. मग सुधारणा म्हणून ती सोय काढून टाकली आणि २०११च्या हंगामात नवीन यंत्र बसवलं, ज्यात फळांवर साधं पाणी फवारलं जाई, निर्जंतुक करणारं काहीही न घालता. फिरवलेलं पाणी गेलं, पण सोबत क्लोरीन गेलं आणि फळ थंड करणारी पायरीही गेली. २५ जुलैला एका खासगी तपासनीसाने या शेडला १०० पैकी ९६ गुण देऊन ‘उत्कृष्ट’ ठरवलं. धुण्याच्या पाण्यात जंतुनाशक नाही, हे त्याच अहवालात लिहिलेलं होतं! त्यानंतर चार दिवसांनी माल बाहेर पडायला लागला.

शेतमालक असलेल्या दोघा भावांनी २०१३ साली न्यायालयात गुन्हा कबूल केला. त्यांना पाच वर्षांची परिवीक्षा (प्रोबेशन), सहा महिने घरातच स्थानबद्धता आणि प्रत्येकी दीड लाख डॉलर भरपाई अशी शिक्षा झाली. भुर्दंड मात्र इतरांनाही बसला. हा माल ‘रॉकी फोर्ड’ या नावाने विकला जात होता. ते प्रसिद्ध खरबूज पिकवणारं गाव तिथून सुमारे नव्वद मैल दूर, आणि तिथल्या शेतकऱ्यांचा यात काडीचाही संबंध नव्हता.

खरबूजच का

संत्रं, द्राक्ष यांचा आंबटपणा जंतूंना आवरून धरतो. खरबुजाच्या गरात आम्लता जवळपास नाहीच. त्याचा पीएच (आम्लता मोजायचा आकडा, जितका कमी तितकं आंबट) ६ च्या वर असतो. कलिंगडाचा थोडा कमी, ५.२ ते ५.६. गोडवा, पाणी आणि आम्लाचा अभाव, एवढं मिळाल्यावर जंतूला आणखी काय हवं. म्हणूनच अमेरिकेच्या अन्न नियमांत कापलेलं खरबूज-कलिंगड हे दूध-मटणाच्या पंगतीत बसवलंय: ५ अंश सेल्सियस किंवा त्याखाली ठेवायचं, नाहीतर वेळ मोजायची.

दुसरी अडचण सालीची. खरबुजावरची ती राखाडी-पिवळी जाळी म्हणजे असंख्य खाचा आणि फटी. त्यांत माती, पाणी आणि जंतू असे काही अडकतात की नळाखाली नुसतं फिरवल्याने निघत नाहीत. कलिंगडाची साल गुळगुळीत असल्याने तिथे काम सोपं. तिसरी वाट देठाची. पिकलेलं खरबूज देठापासून सहज सुटतं आणि तिथे एक गोल, सच्छिद्र खूण उरते. तापलेलं फळ थंड पाण्यात बुडवलं की आतली हवा आकसते आणि फळ त्या खुणेतून पाणी आत ओढतं. पाणी मळकट असेल तर घाण गरापर्यंत. उन्हातून आणलेलं फळ बादलीत टाकून ठेवायची आपली सवय यासाठीच सोडायला हवी. वाहत्या पाण्याखाली धुवावं, बुडवून ठेवू नये.

आता शीतगृहाचा मुद्दा. गरम फळ थंड खोलीत ठेवलं की त्याच्यावर घाम धरतो. जाळीतली ती ओल लवकर सुकत नाही. बाकीचे बहुतेक रोगजंतू ४ अंशांना गारठून थांबतात, लिस्टेरिया मात्र तिथेही हळूहळू वाढत राहतो. थंडीने त्याला थांबवलं नाही, उलट त्याचे प्रतिस्पर्धी तेवढे बाजूला केले. घरचा फ्रीज हे त्याच शीतगृहाचं छोटं रूप आहे, आणि बाजारातून आणलेलं गरम खरबूज पिशवीसकट आत ढकलणं ही त्याच चुकीची घरगुती आवृत्ती.

अख्खं फळ घरी आल्यावर

खरबूज आणि कलिंगड यांना एकच नियम लावून भागत नाही.

अख्खं कलिंगड १० ते १५ अंशांना दोन-तीन आठवडे टिकतं. फ्रीजमधल्या ४ अंशांत ते जास्त दिवस ठेवलं की सालीवर खड्डे पडतात, गराचा लाल रंग फिका होतो, चव उतरते. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या ओक्लाहोमातल्या संशोधकांनी २००६ साली दाखवलं की २१ अंशांना ठेवलेल्या कलिंगडात लायकोपीन, म्हणजे गराला लाल रंग देणारं द्रव्य, वाढतं, थंडीत ठेवलेल्यात तसं होत नाही. आपल्याकडे एप्रिलमध्ये १५ अंश आणायचे कुठून? घरातली सर्वांत थंड, अंधारी, वारा खेळता असलेली जागा, फरशीवर गोणपाट किंवा वर्तमानपत्र, आणि मुक्काम चार-पाच दिवसांचा, एवढंच धरावं. ज्या दिवशी खायचं त्याच्या आदल्या रात्री फ्रीजमध्ये. चार-पाच किलोचं फळ मध्यापर्यंत गार व्हायला रात्र लागतेच.

कलिंगडाला इथिलीन सोसत नाही. पिकणारी फळं हा वायू सोडतात, आणि त्याच्या सहवासात कलिंगडाचा गर पिठूळ होतो, साल मऊ पडते. म्हणजे आंब्याची अढी, केळ्यांचा घड आणि पिकतं खरबूज यांच्या शेजारी कलिंगड नको. मे महिन्यात ही तीनही फळं बहुतेक घरांत एकाच कोपऱ्यात असतात, ही गंमतच.

खरबूज उलट स्वभावाचं. देठाकडून सुटलेलं, सुवास सुटलेलं फळ २ ते ५ अंशांना राहिलं तर बरं. अजून कडक असेल तर बाहेर एक-दोन दिवस ठेवून पिकू द्यावं (त्याने गर मऊ होतो, सुगंध येतो, गोडी मात्र वेलीवर आली तेवढीच) आणि मग पुसून, कोरडं करून, कागदात गुंडाळून फ्रीजमध्ये. प्लास्टिकची बंद पिशवी नको. कोकणातलं चिबूड पिकलं की आपोआपच तडकतं, त्यामुळे त्याला साठवणच नाही. तडकलेलं दिसलं की त्याच दिवशी संपवायचं, किंवा तडकायच्या बेतात असतानाच आणायचं.

साठवण्यापूर्वी धुवू नये. ओल राहिली की बुरशी देठाकडून सुरू होते. धुवायचं ते कापायच्या आधी.

कापताना

जाळीदार खरबुजासाठी भाजी-फळांचा वेगळा ब्रश ठेवावा. वाहत्या पाण्याखाली सगळीकडून निदान अर्धा मिनिट घासावं, देठाची खूण आणि खालचं टोक जास्त. साबण, भांड्यांचं लिक्विड नको. साल सच्छिद्र असते. मग स्वच्छ कापडाने किंवा कागदाने पूर्ण कोरडं करावं. ही पायरी लोक हमखास गाळतात. ओल्या सालीतून सुरी गेली की सालीवरचं पाणी पात्यासोबत थेट गरात उतरतं.

देठाकडची चकती आधी उडवून बाजूला टाकावी, त्यानंतर सुरी धुवावी आणि मगच फोडी कराव्यात. मटण-मासे कापलेला पाट आणि सुरी इथे चालणार नाही. ब्रशही वापरून झाल्यावर गरम पाण्याने धुवून वाळवायचा, नाहीतर तोच जेन्सनच्या शेडमधल्या यंत्रासारखा होतो.

धुण्याने सगळं जातं असं मात्र समजू नये. धुण्याने संख्या कमी होते, शून्य होत नाही. उरलेल्यांना वाढू न देणं हे पुढच्या पायरीचं काम.

कापल्यावर

कापल्याच्या क्षणापासून घड्याळ सुरू. बाहेर जास्तीत जास्त दोन तास. खोलीचं तापमान ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. विदर्भ-मराठवाड्यातल्या, खरं तर पुण्यातल्याही एप्रिलला हा एक तासाचाच नियम लागू. अनुकूल उबेत साल्मोनेला हा दुसरा रोगजंतू अर्ध्या तासात दुप्पट होऊ शकतो, म्हणजे तीन तासांत चौसष्ट पट. त्यात वास येण्यासारखं काहीही घडलेलं नसतं.

उरलेलं अर्धं फळ साल-बियांसकट झाकून ठेवण्यापेक्षा गर सोडवून झाकणाच्या डब्यात ठेवावा. साल फ्रीजबाहेर, कचऱ्यात. डबा उथळ हवा, फोडींचा थर पाच सेंटिमीटरच्या आसपास. खोल पातेल्यात मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो. डबा कच्च्या मासे-मटणाच्या वरच्या कप्प्यात, दाराच्या कप्प्यात नाही. तारीख लिहिलेली चिकटपट्टी लावावी, ‘परवा कापलं होतं ना?’ हा प्रश्नच उरत नाही.

किती दिवस? या उद्रेकाच्या वेळी सीडीसीने सांगितलेली कमाल मर्यादा ४ अंशांखाली सात दिवस होती. ती खऱ्या ४ अंशांसाठी. दिवसातून तीस वेळा उघडणाऱ्या फ्रीजसाठी तीन दिवस धरावेत. खात्री हवी असेल तर मधल्या कप्प्यात पाण्याच्या ग्लासात थर्मामीटर रात्रभर ठेवून सकाळी आकडा पाहावा. बऱ्याच घरांत तो ७-८ निघेल. वीज गेली तर दार न उघडता फ्रीज साधारण चार तास थंडी धरतो. त्याहून जास्त वेळ गेली असेल तर कापलेल्या फोडी टाकाव्यात, अख्ख्या फळाला काही होत नाही.

फोडी ताटात पसरून गोठवल्या आणि मग डब्यात भरल्या तर काही महिने टिकतात, पण नंतर सरबतालाच उपयोगी, कारण गर भुसभुशीत होतो. गोठवल्याने लिस्टेरिया मरत नाही, फक्त थांबतो.

गर्भवतींचा मुद्दा वेगळा सांगायलाच हवा. त्यांना लिस्टेरियाचा धोका इतरांच्या निदान दहा पट, आणि स्वतःला साधा ताप येऊन गेला तरी बाळ दगावू शकतं. पपई-अननसाला बिचकणारी आपली घरं डोहाळजेवणात कलिंगडाची नक्षीदार टोपली आणि खरबुजाच्या फोडी सकाळीच सजवून ठेवतात आणि ओटी भरेपर्यंत दुपार होते. तिला ताजं कापून द्यावं, सजावटीतलं नाही. पासष्टीपुढची माणसं, मधुमेही, किमोथेरपी चालू असलेले, यांच्यासाठीही हेच. शाळेच्या डब्यात सकाळी सातला भरलेलं खरबूज मधल्या सुट्टीपर्यंत उबदार दप्तरात असतं; त्याऐवजी द्राक्षं किंवा संत्रं द्यावं. गाडीवरच्या कापून ठेवलेल्या फोडींना बर्फ लावलेला असला तरी तो कुठला, हा प्रश्न उरतोच. २०१८ पासून न खाण्याच्या बर्फात निळा रंग टाकायचा नियम आहे. निळसर दिसला तर पुढे चालू लागावं.

नासलंय हे कसं कळतं

इथे मात्र नाक, डोळे आणि बोटं खरंच कामाची आहेत. नासवणारे जंतू वेगळे, पण ते जिथे पोचले तिथे रोगजंतूंनाही वेळ मिळालेला असतो.

अख्ख्या फळावर देठाच्या खुणेजवळ पांढरी-गुलाबी बुरशी म्हणजे बहुधा फ्युजॅरियम. बुडालेले, गोल, काळपट डाग ही बहुतेक वेळा करप्याची खूण. बोट सहज आत जाईल असा पाणथळ मऊ भाग आणि त्यातून झिरपणारं पाणी म्हणजे सडण्याने गर गाठला. खरबूज हे मऊ, पाणीदार फळ. बुरशीचा भाग कापून बाकीचं खाणं कडक चीजला चालतं, इथे नाही. जाळीवर नुसती कोरडी, वरवरची खरड असेल आणि खालची साल टणक असेल तर काळजी नाही.

कलिंगडातून फेस येतोय, फट पडलीय आणि आत बुडबुडे ऐकू येतात, असं झालं तर ते आंबलंय. यीस्ट आणि जिवाणू साखर खातात, वायू बाहेर पडायला वाट नसते आणि फळ खरोखर फुटतं. ते घरात कापू नये. जाड पिशवीत अलगद ठेवून, दुसऱ्या पिशवीत बांधून बाहेर काढावं. गुरांना घालू नये. चांगल्या फळाच्या साली गोठ्यात गेल्या तर हरकत नाही, सडकं-बुरशीचं जाऊ नये. आणि साली नेणारी टोपली स्वयंपाकघरात परत आणू नये. तो शेडजवळचा ट्रक आठवावा.

कापलेल्या फोडींत खुणा या क्रमाने येतात: आधी डब्याच्या तळाशी पाणी साचतं, मग कडा काचेसारख्या पारदर्शक होतात, मग बोटाला बुळबुळीतपणा लागतो, शेवटी आंबूस किंवा दारूसारखा वास. बुळबुळीत लागल्यावर थांबावं. वासाची वाट पाहू नये. चाखून ठरवायची सवयही वाईट. कडू लागलं तर लगेच थुंकून टाकावं. तो कडूपणा कुकरबिटासिन या फळातल्याच कडू द्रव्याचा असतो, नासल्याचा नाही, पण त्याने उलट्या-जुलाब होतात.

काही गोष्टी उगाच घाबरवतात. कलिंगडाच्या पोटावरचा पिवळा डाग जमिनीवर टेकल्याचा असतो आणि तो चांगलाच. आत पडलेली पोकळ भेग वाढीच्या वेळच्या हवामानामुळे. पांढऱ्या मऊ बिया म्हणजे न भरलेल्या बिया. टिचकी मारून येणारा आवाज पिकण्याबद्दल थोडंफार सांगतो, ताजेपणाबद्दल काही नाही.

संशयित फळ टाकून दिल्यावरही काम उरतं. २०११ साली घराघरांत हीच सूचना गेली होती: नुसतं खरबूज टाकू नका, फ्रीज धुवा. रस सांडलेला कप्पा आणि भाजीचा ट्रे बाहेर काढून गरम साबणाच्या पाण्याने घासावा, मग पावणेचार लिटर पाण्यात एक टेबलस्पून साधं क्लोरीन ब्लीच मिसळून पुसावा आणि कोरडा करावा. दाराच्या रबराच्या घडीत सुती कापड बोटावर गुंडाळून फिरवावं. रस ओघळून नेमका तिथेच साचतो.